पाण्याची पातळी

सव्वीस वर्षं मी हे लॉक सांभाळतोय.
पलीकडे तळं, अलीकडे कालवा, मध्ये ओकची दोन दारं,
आणि दर उन्हाळ्यात कुणीतरी जर्मन पाहुणा
बोटीचं नाक दाराला टेकवून भोंगा वाजवतो.
मी हातानेच सांगतो: थांब.
दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आल्याशिवाय
हे दार दहा बैल जुंपले तरी हलत नाही.
आणि आलं, की एका हाताने उघडतं.

हे मला माहीत होतं.
फक्त दारांबद्दल माहीत होतं.

चोपन्नाव्या वर्षी,
आल्त्येला जाऊन दोन हिवाळे उलटल्यावर,
मी लेउवार्डनच्या त्या दुकानावरून दोनदा सायकल नेली
आणि तिसऱ्यांदा उतरलो.
काउंटरमागे साठीची बाई पायमोजा विणत होती.
फ्रौक्ये, असं बिल्ल्यावर.
म्हटलं, एका मित्रासाठी विचारतोय.
सुईवरची नजर न काढता ती म्हणाली,
मित्राला सांगा, बूड रुंद असलेलंच घ्यायचं,
आत गेलेल्याला परतीची वाट माहीत असावी.
पहिले काही दिवस बोटापेक्षा जाड काही नको.
बधिर करणारं मलम तर मुळीच नको:
दुखणं हा निरोप असतो, निरोप्याचं तोंड बांधू नये.
आणि वंगण.
किती? मी विचारलं, मित्राला विसरून.
पुरेसं वाटेल, त्याच्या दुप्पट.

वंगणाचं मला सांगते!
ज्याच्या नखांतून सव्वीस वर्षं ग्रीस गेलं नाही.
पण घरी येऊन नखं कापली,
कानशीने घासली, पुन्हा घासली,
आल्त्ये असताना कधी इतकी घासली नव्हती.

पहिल्या रात्री मीच तो जर्मन होतो.
दार बंद, भोंगा चालू.
जे दुखायचं ते दुखलं, आणि मी दिवा लावून
छताकडे बघत बसलो,
मागच्या बाकावरून बाबा बघत असल्यासारखा.
आमच्या घरात त्या जागेचं नाव
फक्त शिवीत निघायचं,
तेही हातोडा बोटावर बसला तरच.

मग नऊ दिवस काहीच नाही.
दहाव्या दिवशी, रविवार, कालव्यावर बोट नाही,
कोमट पाण्याने अंघोळ, जुना टॉवेल,
डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी,
लहानपणी ताप आला की झोपायचो तसा.
बोट दाराशी नुसतं ठेवलं.
ढकललं नाही.
श्वास सोडला, लांब, सोडता सोडता
आतलं काहीतरी स्वतःहून सैलावलं,
पुन्हा आवळलं, पुन्हा सैलावलं,
मी थांबलो, ते थांबलं,
आम्ही दोघं एकमेकांची पातळी बघत होतो.

आणि उघडलं.
एका हाताने.

सुख म्हणावं तर फार आवाजाचं नव्हतं.
पोटाच्या तळाशी, जिथे मी कधी गेलोच नव्हतो,
कुणीतरी राहत होतं, चोपन्न वर्षं,
आणि त्याला माझा राग नव्हता.
मी हसलो. नंतर थोडा रडलोही.
मग भूक लागली, चीज आणि राईची पाव खाल्ली,
उभ्यानेच, ओट्याशी.

कधी जमतं, कधी नाही.
परवा नाही जमलं, तर पुस्तक वाचलं.
जमलंच पाहिजे असं त्यात काही नाही,
हे कळायलाही मला बराच वेळ लागला.

सोमवारी टॉवेल दोरीवर टाकला.
कुंपणापलीकडून डूर्क म्हणाला,
आज पूर्वेचा वारा आहे, व्हिब्रेन,
दुपारपर्यंत वाळेल.
म्हटलं, हो.
तेवढ्यात तळ्याच्या बाजूने भोंगा वाजला,
आणि मी हात वर केला.